विश्लेषण : अथेन्सने विष पाजलेल्या सॉक्रेटिसवर मुंबई सरकारने बंदी का घातली?

मार्च १९१० मध्ये मुंबई सरकारने काही गुजराती पुस्तके राजद्रोही ठरवून त्यांच्यावर बंदी घातली. ही पुस्तके दक्षिण आफ्रिकेत छापली गेली होती आणि ती लिहिणारे वा गुजरातीत आणणारे गृहस्थ होते मोहनदास करमचंद गांधी. यादीत ‘हिंद स्वराज’ होते, यात नवल नाही. पण त्याच यादीत ‘एक सत्यवीरनी कथा’ नावाची एक छोटी पुस्तिकाही होती. तिचा नायक कुणी क्रांतिकारक नव्हता. दोन हजार तीनशे वर्षांपूर्वी ग्रीसमधील अथेन्स नगरात विष पिऊन मेलेला तो एक म्हातारा होता. त्याने आयुष्यात एकही पुस्तक लिहिले नाही, कुठले पद मागितले नाही, बंड केले नाही. तरीही त्याच्या खटल्याची गोष्ट सरकारला धोकादायक वाटली. सॉक्रेटिसचे आयुष्य पाहिले की सरकारची भीती अगदीच अनाठायी नव्हती, हे कळते.

सॉक्रेटिस कोण होता?

सॉक्रेटिसचा जन्म इ.स.पूर्व ४७० च्या सुमाराचा. वडील सोफ्रोनिस्कस दगडाचे काम करणारे कारागीर आणि आई फिनारेटी सुईण. आईच्या कामाचा त्याने पुढे आपल्या पद्धतीशी संबंध जोडला. सुईण स्वतः मूल जन्माला घालत नाही, दुसरीच्या पोटातले सुखरूप बाहेर काढते. आपणही लोकांना ज्ञान देत नाही, त्यांच्या मनात असलेला विचार बाहेर काढतो आणि तो जगण्यासारखा आहे का एवढे तपासतो, असे त्याचे म्हणणे होते.

दिसायला तो कुरूप होता. नाक बसके, डोळे बाहेर आलेले, पोट सुटलेले. सौंदर्याचे वेड असलेल्या अथेन्समध्ये त्याच्या रूपाची टिंगल होई आणि तोही ती हसत करून घेई. उन्हाळा असो की हिवाळा, तो अनवाणी फिरे. अंगावर तेच ते एक वस्त्र. दिवसाचा बराच वेळ बाजारचौकात, व्यायामशाळेत, कारागिरांच्या दुकानांपाशी जाई. काम एकच, माणसे गाठून बोलणे.

त्याची बायको झांथिपी कजाग म्हणून जगभर बदनाम आहे. तुकारामांच्या आवलीच्या वाट्यालाही असेच आले. नवरा पैसे न घेता दिवसभर चौकात बोलत बसतो, घरात तीन मुलगे, आणि संसार चालवायचा तिने. तिने आवाज चढवला असेल तर ते समजून घेणारे लेखक त्या काळी तरी नव्हते. सॉक्रेटिस गेला तेव्हा त्याचा थोरला मुलगा जेमतेम तरुण होता आणि धाकटा कडेवरचा.

सॉक्रेटिस म्हणजे केवळ वाचावीर नव्हे. पोटिडिया, डेलियम आणि अ‍ॅम्फिपोलिस या तीन लढायांत तो साधा पायदळ सैनिक म्हणून लढला. पोटिडियाच्या मोहिमेत जखमी अल्सिबायडीसला त्याने वाचवले. हा देखणा, श्रीमंत आणि महत्त्वाकांक्षी तरुण पुढे अथेन्सचा सेनापती झाला आणि त्याच्याशी असलेली मैत्री सॉक्रेटिसला महागात पडली. डेलियमला अथेन्सचे सैन्य उधळले, तेव्हा सॉक्रेटिस पळत सुटला नाही. चहूकडे पाहत तो अशा सावध चालीने मागे हटला की शत्रूने त्याच्या वाटेला जायचे टाळले.

त्याने काही लिहिले नाही, मग हे सारे कळले कसे?

विदर्भातील वाचकांना याचे उत्तर अमरावती जिल्ह्यातील रिद्धपुरात सापडेल. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. त्यांच्या पश्चात म्हाइंभटांनी ज्यांनी त्यांना पाहिले-ऐकले त्यांच्याकडून आठवणी गोळा केल्या आणि ‘लीळाचरित्र’ उभे राहिले. सॉक्रेटिसचेही तसेच झाले. फरक इतकाच, की त्याला एक म्हाइंभट मिळाला नाही, तीन मिळाले आणि तिघांनी तीन वेगळी माणसे रंगवली.

पहिला प्लेटो. हा शिष्य, आणि स्वतःच मोठा तत्त्वज्ञ. त्याच्या संवादांत सॉक्रेटिस बोलतो, पण त्या बोलण्यात प्लेटो किती आणि सॉक्रेटिस किती, यावर विद्वानांचे आयुष्य जाते. दुसरा झेनोफन. हा सैनिकी पेशाचा, व्यवहारी. त्याचा सॉक्रेटिस चांगला सल्ला देणारा सज्जन वडीलधारा आहे. तिसरा नाटककार अ‍ॅरिस्टोफेनिस. इ.स.पूर्व ४२३ मध्ये, सॉक्रेटिस जिवंत असतानाच, त्याने ‘ढग’ हे प्रहसन रंगमंचावर आणले. त्यातला सॉक्रेटिस टोपलीत बसून हवेत लटकतो, देवांना मोडीत काढतो आणि खोट्याचे खरे करण्याची विद्या शिकवतो. शेवटी त्याच्या शाळेला आग लावली जाते. लोक हसले आणि विसरले, असे मात्र झाले नाही. चोवीस वर्षांनी खटला उभा राहिला तेव्हा न्यायपीठावर बसलेल्या अनेकांच्या डोक्यात सॉक्रेटिस म्हणजे हेच पात्र होते. खुद्द त्यानेही कोर्टात तसे बोलून दाखवले.

डेल्फीचा कौल आणि प्रश्नांचा धंदा

केरेफोन नावाचा सॉक्रेटिसचा एक उत्साही मित्र होता. तो डेल्फीच्या देवळात कौल लावायला गेला आणि त्याने विचारले, सॉक्रेटिसपेक्षा शहाणा कुणी आहे का? कौल आला, कुणीही नाही. सॉक्रेटिस गोंधळला. आपण शहाणे नाही हे त्याला माहीत होते आणि देव खोटे बोलणार नाही असेही तो मानत होता. तेव्हा त्याने कौलाची परीक्षा घ्यायचे ठरवले. आपल्यापेक्षा शहाणा एक जरी माणूस सापडला, तरी देवापुढे तो उभा करता आला असता.

तो आधी राजकारण्यांकडे गेला. त्यांना न्याय, देशहित, सद्गुण यांबद्दल सारे माहीत असल्याचा विश्वास होता, पण दोनचार प्रश्नांतच बोलणे विसकटले. मग तो कवींकडे गेला. कविता सुंदर, पण तिचा अर्थ कवीपेक्षा शेजारी उभ्या माणसाला बरा सांगता येई. शेवटी कारागीर. त्यांना त्यांचे काम खरोखर येत होते आणि सॉक्रेटिसने ते मोकळेपणाने मान्य केले. पण जोडे उत्तम शिवता येतात म्हणून राज्य कसे चालवावे हेही आपल्याला कळते, असे त्यांना वाटे. या फेऱ्यांनंतर कौलाचा अर्थ त्याने असा लावला की इतरांना न येणारे येते असे वाटते आणि आपल्याला तसे वाटत नाही, शहाणपणातला फरक असलाच तर तेवढाच.

या सगळ्यात त्याने मिळवले काय, तर शत्रू. चारचौघांत उघडे पडलेल्या प्रतिष्ठितांनी ते विसरले नाही. त्यातून श्रीमंत घरची रिकामटेकडी पोरे त्याच्या मागे फिरत, गंमत बघत आणि घरी जाऊन बापाला तेच प्रश्न विचारत.

त्याची पद्धत एका उदाहरणातून कळते. प्लेटोच्या एका संवादात लॅकीस नावाचा सेनापती येतो. शौर्य म्हणजे काय, असे सॉक्रेटिस त्याला विचारतो. सेनापतीला प्रश्न बालिश वाटतो. रांगेत पाय रोवून उभा राहणारा आणि न पळणारा तो शूर, असे तो सांगतो. मग माघार घेत घेत लढणाऱ्यांचे काय, असा सॉक्रेटिसचा पुढचा प्रश्न. गनिमी कावा माहीत असलेल्या मराठी माणसाला हा प्रश्न लगेच पटेल. हूल देऊन मागे फिरणारा आणि खिंडीत गाठून मारणारा मावळा भित्रा म्हणायचा का? लॅकीस उत्तर बदलतो. शौर्य म्हणजे मनाचा चिवटपणा, असे तो म्हणतो. पण मूर्खपणाने केलेला चिवटपणाही शौर्यच का? पोहता न येणारा विहिरीत उडी घेतो आणि पट्टीचा पोहणारा घेतो, यांत शूर कोण? पोहणाऱ्याला ज्ञान आहे, पण धोका कमी. न पोहणाऱ्याचा धोका मोठा, पण अक्कल नाही. लॅकीस चिडतो. शौर्य काय ते आपल्याला आत कळते आहे, पण शब्दांत धरता येत नाही, अशी कबुली देतो.

संवाद उत्तराविना संपतो. पुष्कळ वाचकांची येथे निराशा होते. पण सॉक्रेटिसच्या सत्यशोधाचा गाभा याच ठिकाणी आहे. त्याच्या हातात सत्याची तयार पुडी नव्हती. एखाद्याची दोन मते एकमेकांशी जुळत नाहीत हे तो दाखवून देई, मग त्यांतले एक तरी सोडावे लागे. शेतातले तण काढल्याने पीक उगवत नाही, पण तण न काढता पेरून उपयोग नसतो.

त्या काळी अथेन्समध्ये सोफिस्ट म्हणून ओळखले जाणारे फिरते शिक्षक होते. तेथे वकील नसत. आपला खटला आपणच भांडावा लागे आणि सभेत बोलता येणाऱ्यालाच राजकारणात जागा असे. त्यामुळे वक्तृत्व शिकवणाऱ्यांना मोठी फी मिळे. सॉक्रेटिस फी घेत नव्हता आणि जिंकण्यासाठी बोलायला शिकवतही नव्हता. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र दोन्ही सारखेच वाटत. आजच्या चॅनेलवरच्या चर्चेत ओरडणारा आणि खरोखर प्रश्न विचारणारा एकाच चौकटीत दिसावा, तसे.

दोनदा नकार, दोन वेगळ्या सत्तांना

इ.स.पूर्व ४३१ ते ४०४ अशी सत्तावीस वर्षे अथेन्स आणि स्पार्टा यांच्यात युद्ध चालले. त्याच्या अखेरीच्या काळातल्या दोन घटनांशिवाय सॉक्रेटिसची उंची कळत नाही.

पहिली इ.स.पूर्व ४०६ ची. आर्गिनुसी बेटांजवळ अथेन्सच्या आरमाराने विजय मिळवला, पण वादळामुळे बुडत्या खलाशांना वाचवता आले नाही. नगरात संताप उसळला. आठ सेनापतींवर एकत्रच खटला चालवून एकाच मतदानात सगळ्यांचा निकाल लावावा, असा ठराव आला. हे कायद्याविरुद्ध होते, कारण प्रत्येकाचा न्याय स्वतंत्रपणे व्हायला हवा होता. सॉक्रेटिस त्या दिवशी सभेचे कामकाज पाहणाऱ्या मंडळात होता. जमाव आरडाओरडा करत होता, विरोध करणाऱ्यांनाही आरोपी करा अशी मागणी होत होती. मंडळातले इतर नमले. तो नमला नाही. ठराव तरीही रेटला गेला आणि हाती लागलेल्या सहा सेनापतींना ठार करण्यात आले. पुढे अथेन्सवासीयांना याचा पश्चात्ताप झाला, मेलेल्यांना त्याचा उपयोग नव्हता.

दुसरी घटना दोन वर्षांनंतरची. युद्ध हरलेल्या अथेन्सवर स्पार्टाच्या पाठिंब्याने तीस जणांची जुलमी राजवट आली. काही महिन्यांत या राजवटीने सुमारे दीड हजार माणसे मारली. आपल्या पापात प्रतिष्ठितांना ओढून घेण्याची तिची रीत होती. सॉक्रेटिससह पाच जणांना हुकूम झाला की सलामिस बेटावरून लिऑन नावाच्या निरपराध माणसाला पकडून आणा. चौघे गेले आणि त्याला घेऊन आले. सॉक्रेटिस काही न बोलता घरी निघून गेला. ती राजवट लवकरच कोसळली नसती, तर त्याचा निकाल तेव्हाच लागला असता.

एकदा लोकशाहीच्या जमावाला आणि एकदा हुकूमशहांना, अशा दोघांनाही त्याने नाही म्हटले. त्यामुळे कोणत्याच पक्षाला तो पूर्णपणे आपला वाटला नाही.

आरोप काय होते आणि खरे कारण काय?

इ.स.पूर्व ३९९ मध्ये मेलेटस, अनायटस आणि लायकॉन या तिघांनी त्याच्यावर खटला भरला. नगराचे देव न मानणे, नवे देव आणणे आणि तरुणांना बिघडवणे, हे आरोप. मेलेटस नावापुरता पुढे होता. वजन होते अनायटसचे. कातडी कमावण्याचा धंदा असलेला हा लोकशाही पक्षाचा मोठा नेता होता.

आरोपपत्रात राजकारणाचा शब्दही नव्हता. त्याचे कारण आहे. तीस जणांची राजवट उलथवल्यावर अथेन्सने इ.स.पूर्व ४०३ मध्ये सर्वसाधारण माफी जाहीर केली होती. आधीच्या राजकीय वागणुकीबद्दल कुणावर खटला भरायचा नाही, असे ठरले होते. पण त्या राजवटीचा सर्वांत क्रूर म्होरक्या क्रिटियास एकेकाळी सॉक्रेटिसच्या मागे फिरणाऱ्यांत होता. कार्मिडीस हा तीस जणांचा आणखी एक साथीदारही त्याच्याच वर्तुळातला. अल्सिबायडीस तर ऐन युद्धात शत्रूला जाऊन मिळाला होता. ज्या घरांतले कुणी मारले गेले, त्यांच्या मनात एकच प्रश्न होता, या पोरांना कुणी शिकवले?

या प्रश्नाला तोडीस तोड उत्तरही होते. ज्याने डेल्फीला कौल लावला तो केरेफोन लोकशाहीवादी होता आणि त्याच तीस जणांमुळे त्याला परागंदा व्हावे लागले होते. सॉक्रेटिसच्या भोवती दोन्ही बाजूंची माणसे होती. पण जखम ताजी असताना असले हिशेब कुणी करत नाही. पन्नासेक वर्षांनी एस्किनीस नावाचा वक्ता न्यायपीठाला सहज आठवण करून देतो, की क्रिटियासचा गुरू होता म्हणून तुम्ही सॉक्रेटिसला मारले होते. धर्माचा आरोप तोवर मागे पडला होता. आजही तरुणांना बिघडवणे हा आरोप कुठे ऐकू आला की त्यामागे न लिहिलेले दुसरे आरोपपत्र आहे का, हे पाहावे लागते.

एका दिवसाचा खटला

न्यायाधीश असा कुणी एक नव्हता. चिठ्ठ्या टाकून निवडलेले सुमारे पाचशे नागरिक, सगळे तीस वर्षांवरचे पुरुष, निकाल देत. त्यांना दिवसाचा भत्ता मिळे. बायका आणि गुलाम यांना त्यात जागा नव्हती. भाषणांची वेळ पाण्याच्या घड्याळाने मोजली जाई आणि सारा खटला एका दिवसात संपे.

सत्तर वर्षांच्या सॉक्रेटिसने बचाव केला, पण बचावाची रीत मोडून. आरोपी सहसा रडत, बायकामुलांना पुढे उभे करत. त्याने यातले काही केले नाही. आपण नगराच्या अंगावर बसलेली गोमाशी आहोत, सुस्त घोड्याला जागे ठेवण्यासाठी देवानेच आपली नेमणूक केली आहे, असे त्याने सांगितले. हे काम सोडण्याच्या अटीवर सुटका देऊ केली तरी ती नको, हेही त्याने आधीच स्पष्ट केले.

पहिल्या मतदानात तो दोषी ठरला, पण निसटता. तीस मते फिरली असती तर तो सुटला असता. यानंतर शिक्षेची पाळी. कायदा असा, की फिर्यादी एक शिक्षा सुचवणार, आरोपी दुसरी सुचवणार आणि न्यायपीठ दोहोंतून एक निवडणार. फिर्यादींनी मृत्युदंड मागितला. सॉक्रेटिसने हद्दपारी सुचवली असती तर ती बहुधा मान्य झाली असती, फिर्यादींचीही तीच अपेक्षा असावी. त्याने काय सुचवले? ऑलिम्पिक विजेत्यांना मिळते तसे नगराच्या खर्चाने आयुष्यभर जेवण. आपण नगराची सेवा केली, तर तिचा मोबदला हाच, असा त्याचा तर्क. मग त्याने एक मिना दंड देऊ केला. झेनोफनच्या हिशेबाने त्याचे घरदार विकले तरी पाच मिना आले असते. प्लेटो आणि क्रिटोसह मित्रांनी जामीन राहण्याची तयारी दाखवली, तेव्हा आकडा तीस मिनांवर गेला. तोवर न्यायपीठ दुखावले होते. दुसऱ्या मतदानात मृत्युदंडाच्या बाजूची मते वाढली. आधी ज्यांनी त्याला निर्दोष म्हटले होते, त्यांतल्याही काहींनी त्याला मारण्याच्या बाजूने मत दिले.

यात त्याचा हट्ट नव्हता, असे म्हणणे कठीण आहे. झेनोफनला तर वाटे, म्हातारपणाचे हाल टाळण्यासाठी त्याने मरणच पत्करले. पण दोषी नसताना स्वतःसाठी शिक्षा सुचवणे म्हणजे आपण दोषी असल्याचे मान्य करणे. ज्या माणसाने आयुष्यभर लोकांची विसंगती दाखवली, त्याला ही विसंगती चालणार नव्हती.

पळून जाण्याची सोय होती, तरी तो का गेला नाही?

शिक्षा लगेच झाली नाही. दरवर्षी अथेन्सचे एक पवित्र जहाज डेलॉस बेटावर जाई आणि ते परत येईपर्यंत नगरात कुणाला मृत्युदंड देत नसत. त्यामुळे सॉक्रेटिसला तुरुंगात सुमारे महिनाभर मिळाला. त्या दिवसांत त्याने इसापच्या गोष्टी पद्यात गुंफल्या. इसापनीती शाळेत वाचलेल्यांना हे वाचून बरे वाटेल.

एके पहाटे बालमित्र क्रिटो आला. पहारेकऱ्याची व्यवस्था झाली होती, पैसे तयार होते, थेसलीत राहण्याची सोय होती. तू मेलास तर मुलांचे काय, आणि मित्रांनी पैसे वाचवले असे लोक म्हणतील त्याचे काय, अशी क्रिटोची काकुळती. सॉक्रेटिसने नेहमीप्रमाणे प्रश्न घेतला आणि तो तपासला. लोक काय म्हणतील हा मुद्दा त्याने आधीच बाजूला ठेवला. अन्यायाला उत्तर म्हणून अन्याय करावा का, एवढाच प्रश्न उरला. नगराचे कायदे समोर येऊन उभे राहिले आहेत अशी त्याने कल्पना केली. सत्तर वर्षे तू येथे राहिलास, सोडून जायची मोकळीक असूनही गेला नाहीस, आमच्याच छायेत लग्न केलेस, मुले वाढवलीस. आता निकाल विरुद्ध गेला म्हणून आम्हाला मोडणार का? क्रिटोकडे उत्तर नव्हते.

येथे चौकस वाचक अडखळतो. कोर्टात हाच माणूस म्हणाला होता की प्रश्न विचारणे बंद करण्याचा हुकूम तो मानणार नाही. तुरुंगात मात्र तो कायदा मानून मरायला तयार आहे. हे जुळते कसे? त्याने आखलेली रेघ अशी दिसते : सत्तेने चुकीचे काम करायला सांगितले तर ते करायचे नाही, मग ती लिऑनला पकडून आणायला सांगो की तोंड बंद ठेवायला. पण त्या नकाराबद्दल सत्तेने शिक्षा दिली, तर ती चुकवायची नाही. अन्याय करण्यात आपला हात असता कामा नये, सोसण्यात लाज नाही.

शेवटच्या दिवशी सकाळी झांथिपी धाकट्या मुलाला घेऊन आली होती. तिला रडू आवरेना, तेव्हा त्याने तिला घरी पोहोचवायला सांगितले. दिवसभर मित्रांशी आत्म्याबद्दल चर्चा झाली. संध्याकाळी त्याने स्नान केले, म्हणजे मेल्यावर बायकांना प्रेत धुण्याचे कष्ट नकोत. सूर्य अजून डोंगरावर आहे, इतर कैदी उशिरापर्यंत थांबतात, असे क्रिटोने सुचवून पाहिले. त्याने विषाचा प्याला मागवला आणि शांतपणे रिकामा केला. विष देणाऱ्याने सांगितले तसे तो फिरला, पाय जड झाल्यावर आडवा झाला. पायांकडून वर बधिरपणा चढत गेला. अस्क्लेपियस या आरोग्याच्या देवाला एक कोंबडा द्यायचा राहिला आहे, तेवढा विसरू नको, अशी आठवण त्याने क्रिटोला केली. तेच त्याचे शेवटचे बोलणे. प्लेटो त्या दिवशी आजारी असल्याने तेथे नव्हता, आणि तरीही जगाला माहीत असलेले हे मरण त्यानेच लिहिले आहे.

अथेन्स ते वर्धा

प्लेटोने पुढे आपले विद्यापीठ काढले, तेथे अ‍ॅरिस्टॉटल शिकला, आणि युरोपच्या तत्त्वज्ञानाची परंपरा सुरू झाली. भारताचा ग्रीक विचारांशी संबंधही जुना आहे. इ.स.पूर्व दुसऱ्या शतकात वायव्य भारतात राज्य करणाऱ्या मिनँडर या ग्रीक राजाने भिक्खू नागसेनाला प्रश्नांवर प्रश्न विचारले, ते पाली भाषेतील ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात आहेत. नागपुरातील अनेक बौद्ध घरांत मुलाचे नाव मिलिंद असते, ते या राजावरून. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादच्या महाविद्यालयालाही हेच नाव दिले.

मराठीत सॉक्रेटिस आला तो १८५२ मध्ये. ‘निबंधमाला’कार विष्णुशास्त्र्यांचे वडील कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी तेव्हा ‘साक्रेतीसाचे चरित्र’ लिहिले. विसाव्या शतकाच्या अखेरीस मकरंद साठे यांच्या ‘सूर्य पाहिलेला माणूस’ या नाटकात डॉ. श्रीराम लागूंनी सॉक्रेटिस उभा केला, तो पाहिलेले प्रेक्षक आजही आहेत.

जानेवारी १९०८ मध्ये गांधीजींना जोहान्सबर्गच्या तुरुंगात टाकण्यात आले. आशियाई लोकांनी नोंदणी करून परवाना बाळगावा, हा ट्रान्सवालचा कायदा त्यांनी मानला नव्हता. त्यांच्यासोबतच्या पुस्तकांत गीता होती, टॉलस्टॉय आणि रस्किन होते, तसाच सॉक्रेटिसही होता. सुटल्यावर त्यांनी प्लेटोने लिहिलेले सॉक्रेटिसचे बचावाचे भाषण गुजरातीत आणले आणि आपल्या ‘इंडियन ओपिनियन’ या पत्रात सहा भागांत छापले. सॉक्रेटिससाठी त्यांनी शब्द वापरला सत्यवीर. तो वर्षाचा काळ लक्षात घेण्याजोगा आहे. ‘सत्याग्रह’ हा शब्द नुकताच घडत होता.

मुंबई सरकारला अडचण झाली ती याचीच. बॉम्ब बनवण्याची कृती छापली असती तर ती जप्त करणे सोपे होते. येथे मात्र एक माणूस सत्तेचा हुकूम उघडपणे नाकारतो, शिक्षेपासून पळत नाही, आणि मरताना सत्तेलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो. अशा माणसाला शिक्षेची भीती दाखवून गप्प करता येत नाही. ही पुस्तिका घरोघरी वाचली गेली तर काय होईल, याचा अंदाज अधिकाऱ्यांनी बरोबर बांधला होता. एप्रिल १९१९ मध्ये रौलट कायद्याविरुद्ध आंदोलन सुरू झाले, तेव्हा बंदी असलेले जे साहित्य उघडपणे वाटायचे ठरले, त्या यादीत सॉक्रेटिसची ही गोष्टही होती. मार्च १९२२ मध्ये अहमदाबादच्या न्यायालयात गांधीजींनी राजद्रोहाचा आरोप मान्य केला आणि कायद्यातली सर्वांत कडक शिक्षा मागितली.

ते येरवड्याच्या तुरुंगात असतानाच नागपुरात झेंडा सत्याग्रह झाला. तिरंगी झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्समध्ये मिरवणूक न्यायची नाही, असा जिल्हा प्रशासनाचा हुकूम होता. १ मे १९२३ पासून स्वयंसेवकांच्या तुकड्या झेंडा घेऊन त्या हद्दीकडे चालत जात, अडवल्या जात आणि शांतपणे अटक करून घेत. जमनालाल बजाज पकडले गेले, विनोबा भावे तुरुंगात गेले, मग वल्लभभाई पटेल येऊन दाखल झाले. देशभरातून आलेले दीड हजारांहून अधिक लोक तुरुंगात गेले. त्यांतल्या फारच थोड्यांनी सॉक्रेटिसचे नाव ऐकले असेल. १८ ऑगस्टला शंभर स्वयंसेवकांची तुकडी झेंडा घेऊन निघाली आणि सिव्हिल लाइन्समधून पुढे गेली. त्या दिवशी पोलिसांनी तिला अडवले नाही. तेरा वर्षांनी, १९३६ मध्ये, नागपूरपासून सुमारे ७५ किलोमीटरवर सेवाग्रामला गांधीजी राहायला आले.